तिसऱ्या फळीवरचा चेंडू

एनॉस पार्मलीच्या हाताचं एकही बोट सरळ नव्हतं. प्रत्येक बोट कुठल्या ना कुठल्या पिचरने वाकवलेलं. उजवी करंगळी बाहेर वळलेली होती. त्यामुळे तो कॉफीचा पेला धरायचा तेव्हा फार मोठ्या घरचा वाटायचा. बेसबॉलमध्ये पिचर चेंडू टाकतो, आणि फलंदाजामागे उभ्या असलेल्या कॅचरला तो उघड्या हातांनीच धरावा लागतो. सामना संपला की एनॉस थंड पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी खोगिरं शिवायला घेई.

आमचं गाव हॅलम्स फेरी. पुलाच्या तोंडाशी एनॉसचं खोगीर-लगामांचं दुकान. मी कॉलेजात कविता वाचून परत आलो होतो आणि गावच्या शाळेत व्याकरण शिकवत होतो. संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसायचो. तो मला प्रोफेसर म्हणायचा.

गावच्या नेपच्यून क्लबचे चेंडूही तोच शिवायचा. आत रबराचा गोळा, त्यावर लोकरीचा दोरा, वर घोड्याचं कातडं. दोरा गुंडाळत असला की तो बोलायचा नाही.

"सैल पडला तर चौथ्या डावात चेंडूचा बटाटा होतो," असं त्याने मला एकदा सांगितलं होतं.

सामन्याला चेंडू एकच. सामना संपला की हरलेला कप्तान टोपी काढतो आणि तो चेंडू जिंकलेल्या कप्तानाच्या हातात देतो. मग तीनदा जयजयकार. जिंकलेला चेंडू काळा रंगवायचा, त्यावर तारीख, समोरच्या क्लबाचं नाव आणि धावा सोन्याच्या वर्खाने लिहायच्या, आणि फिनीच्या हॉटेलातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा. आमची पोरं हौसेने खेळायची तेव्हा त्या कपाटाच्या दोन फळ्या भरल्या होत्या.

वर्खाची अक्षरं लव्हिना टटल काढायची.

तिचे वडील पाट्या रंगवणारे. त्यांचे हात कापू लागल्यापासून गावातली प्रत्येक पाटी लव्हिनाच रंगवायची. खाली नाव मात्र वडिलांचं. जिंकलेला चेंडू तिच्याकडे पोचवायचं काम क्लबाने कोणालाच दिलं नव्हतं. ते एनॉसने घेतलं होतं.

एकदा मी त्याच्याबरोबर गेलो. लव्हिनाने खिडक्या लावल्या, कमरेला फडकं खोचलं आणि म्हणाली, "प्रोफेसर, आता गप्प बसायचं. जमेल?"

वर्ख फार पातळ असतो. नुसत्या श्वासाने उडतो. अक्षरांवर रोगण लावायचं, ते चिकट होईपर्यंत थांबायचं, मग रुंद कुंचल्याने वर्ख उचलून अलगद टेकवायचा. कुंचल्याला वर्ख चिकटावा म्हणून ती कुंचला आधी स्वतःच्या गालावरून फिरवायची. गाल, वर्ख, चेंडू. पुन्हा गाल. कोणी बोलायचं नाही. एनॉस समोरच्या स्टुलावर बसून बघत होता. श्वास सोडायचा झाला की तो तोंड वळवून स्वतःच्या खांद्यावर सोडायचा.

काम झाल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वेळी धावा जरा कमी करा. जागा पुरत नाही."

"बघतो," एनॉस म्हणाला.

त्या दोघांचं प्रेम एवढंच होतं. एनॉसला बोलता येत नसे, आणि अख्ख्या गावात ती एकच खोली होती जिथे बोलायला बंदी होती. मला वाटतं, तितका सुखी तो दुसरीकडे कुठेच नसायचा.

मग हिवाळ्यात गावच्या मोठ्या लोकांनी फिनीच्या हॉटेलात सभा भरवली. आता पगारी खेळाडू आणायचे. ब्रुकलिनहून, फिलाडेल्फियाहून. मोठ्या शहरांच्या क्लबांशी खेळायचं. मत मागितलं तेव्हा पहिला हात एनॉसचा वर गेला.

बाहेर पडताना मी विचारलं, "तू कशाला रे हात वर केलास? तुलाच काढतील."

"मोठे खेळाडू आले की जास्त सामने जिंकू."

जास्त चेंडू, असं मी मनात म्हटलं.

गावची पोरं गेली. एनॉस तेवढा राहिला, कारण मॅक्गार्व्हीचे चेंडू उघड्या हाताने धरायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मॅक्गार्व्ही आमचा नवा पिचर. ब्रुकलिनचा. त्याच्या तोंडाला आणि हाताला सारखीच धार होती. खोगिरं करणारा संघात आहे हे कळल्यावर तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "म्हणजे ही खरीखुरी खोगीरभरती झाली की!" तेव्हापासून एनॉसचं नाव खोगीर पडलं.

फिनीने नव्या हंगामासाठी कपाटात तिसरी फळी बसवली. चांगल्या अक्रोडाची.

ती रिकामीच राहिली. अठराशे बहात्तर सालच्या त्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्यांकडून हरलो. मोठ्या शहरांकडून हरलो, लहान शहरांकडून हरलो, आणि एका गिरणीच्या कामगारांकडूनही हरलो, जे दुपारच्या सुट्टीत खेळायला आले होते. आमचा शॉर्टस्टॉपचा खेळाडू एका सकाळी दुसऱ्या क्लबात निघून गेला. मागे त्याची टोपी तेवढी राहिली. सेंटरफिल्डचा माणूस चांगला होता, पण त्याला जेवल्यावर झोप यायची, आणि आमचे सामने जेवणानंतर असत.

दर सामन्यानंतर कप्तान टोपी काढायचा आणि एनॉसने शिवलेला चेंडू पाहुण्यांना द्यायचा. एनॉस तो जाताना बघायचा. चेंडू पाहुण्यांच्या बग्गीत बसून पुलावरून दिसेनासा होईपर्यंत.

"आमचा कॅचर म्हणजे दानशूर माणूस," मॅक्गार्व्ही बाकावर पाय पसरून म्हणायचा. "स्वतः शिवतो, स्वतः पकडतो, आणि संध्याकाळी परक्याला वाटून टाकतो."

"तू जरा नीट टाक, म्हणजे वाटावं लागणार नाही."

"मी नीटच टाकतो रे खोगीर. ते नीट मारतात, त्याला मी काय करू?"

तिसऱ्या फळीवर फिनीबाईंनी काकडीच्या लोणच्याची बरणी ठेवली. एनॉसने ती उचलून खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वर.

"अरे, रिकामी जागा आहे तर वापरू दे की," फिनीबाई म्हणाल्या. "लोणचं काय तुझ्या चेंडूंना चावणार आहे?"

"चेंडू येणारेत, बाई."

"कधी? माझ्या लोणच्याला बुरशी यायच्या आत येतील ना?"

हॉटेल हसलं. एनॉसने बरणी पुन्हा खाली ठेवली.

हरल्यावर तो लांबच्या रस्त्याने घरी जायचा, चर्चच्या मागून. त्या रस्त्यावर टटलांचं घर लागत नव्हतं.

"असाच जा ना तिच्याकडे," मी म्हणायचो.

"असाच म्हणजे?"

"म्हणजे जायचं. टोपी काढायची. आज हवा छान आहे म्हणायचं."

"हवा तिला खिडकीतून दिसते, प्रोफेसर."

मला चारशे वर्षांच्या प्रेमकविता पाठ होत्या. त्यातली एकही ओळ त्याच्या कामाची नव्हती.

लव्हिना मला वाण्याच्या दुकानात भेटली. तिच्या मनगटावर हिरवा रंग होता. ती गुळाच्या पाकाची बाटली हातात घेऊन उगाच लेबल वाचत राहिली.

"तुमचा मित्र आजारी आहे का?"

"नाही. हरतोय."

"ते सगळं गाव बघतंय," ती म्हणाली. "हरणाऱ्याला पाय नसतात का?"

हे मी एनॉसला जसंच्या तसं सांगितलं. त्याने तोच टाका दोनदा घातला. मग म्हणाला, "पुढच्या सामन्यानंतर जातो. जिंकलो की." त्याच्या हातात तेव्हा नवा चेंडू होता. तो त्याने इतका घट्ट बांधला, की दोरा ताणल्याचा आवाज मला ऐकू आला. तो चेंडूही पुलावरून गेला.

ऑगस्टमध्ये दोन बातम्या एकाच आठवड्यात आल्या. क्लब बंद होणार. शुक्रवारी मॅरियन्सबर्गच्या अलायन्सशी शेवटचा सामना. आणि टटल बापलेक गाव सोडणार. मिस्टर टटलांची बहीण टोलीडोला असते, तिच्याकडे. शनिवारी सकाळच्या गाडीने.

एनॉसला दुसरी बातमी मी सांगितली. तो खोगिराला मेण चोळत होता. चोळतच राहिला.

"शुक्रवारी जिंकायला पाहिजे," तो म्हणाला.

"एनॉस, आज मंगळवार आहे. आज जा."

"काय घेऊन जाऊ?"

 तो उठला आणि कातडं शोधू लागला. गठ्ठ्याच्या तळातलं सगळ्यात चांगलं कातडं त्याने काढलं. त्या चेंडूसाठी त्याने दोन संध्याकाळी घेतल्या.

शुक्रवारी लोक थोडे होते. हरण्याचाही कंटाळा येतो. पण त्या दिवशी मॅक्गार्व्ही न पिता आला होता, आणि सेंटरफिल्डवाला जेवला नव्हता. पहिल्या डावापासून चेंडू आमच्या बाजूचा वाटत होता. पाचव्या डावात एनॉसचा अंगठा फाटला. त्याने तो पँटला पुसला आणि पुन्हा वाकून उभा राहिला. सातव्या डावात पुलावरून माणसं पळत येताना दिसली. गावात कोणीतरी सांगितलं असणार की आपण पुढे आहोत.

नवव्या डावात मॅरियन्सबर्गचा शेवटचा माणूस बाद झाला. आम्ही चार धावांनी पुढे होतो. टोप्या उडाल्या. फिनीबाईंनी फिनीला मिठी मारली. कोणीतरी शाळेची घंटा वाजवायला पळालं.

पण नऊ डाव म्हणजे नऊ डाव. जिंकलो असलो तरी आमची शेवटची फलंदाजी बाकी होती, आणि ती खेळायलाच हवी. न खेळणं म्हणजे पाहुण्यांचा अपमान. पहिली पाळी एनॉसची.

"ए खोगीर," मॅक्गार्व्ही बाकावरून ओरडला, "तीनदा हवा हाण आणि घरी जा! चेंडू तुझाच आहे आता."

एनॉस हसला. तो लांब मारणारा नव्हता. अख्ख्या हंगामात त्याचा चेंडू मैदानाच्या निम्म्यापलीकडे गेला नव्हता. पण मॅरियन्सबर्गच्या पिचरने, सामना संपल्यासारखाच होता म्हणून, एक सोपा, संथ चेंडू टाकला. आणि एनॉसने बॅट फिरवली.

त्याने का फिरवली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर सोपं आहे. समोर चांगला चेंडू आला. तो खेळाडू होता. त्या क्षणी तो सुखात होता.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. चेंडू डावीकडे चढत गेला. त्यांच्या माणसाच्या डोक्यावरून, गवतावरून, नदीकाठच्या विलोच्या झाडांवरून. आमच्या मैदानावर तितका लांब कोणी मारला नव्हता. लोक वेडे झाले. एनॉस धावत सुटला; धाव पुरी व्हायला चारही बेस गाठावे लागतात. पहिला बेस, दुसरा बेस. त्याचे सगळे दात दिसत होते.

दुसऱ्या बेसवरून वळताना त्याने चेंडू कुठे गेला ते पाहिलं.

तो थांबला.

"पळ खोगीर, पळ!" मॅक्गार्व्ही ओरडला.

एनॉस पळाला. पण तिसऱ्या बेसकडे नाही. तो मैदान ओलांडून सरळ नदीकडे पळाला. लोकांना वाटलं, आनंदाने याचं डोकं फिरलं. ते आणखी जोरात ओरडले. पंचाने त्याला बाद दिलं. ते त्याने ऐकलंसुद्धा नाही.

विलोंच्या मागे पाणी चकाकत होतं. सस्क्वेहाना नदी तिथे उथळ आहे, पण ओढ आहे. चेंडू दिसत नव्हता.

पंचाने घड्याळ काढलं. हरवलेला चेंडू पाच मिनिटं शोधायचा असतो. सगळ्यांनी शोधला, मॅरियन्सबर्गच्या लोकांनीही. मग पंचाने नवा मागवला. आमच्याकडे दुसरा नव्हता. पाहुण्यांनी त्यांच्या पिशवीतला काढून दिला. त्या चेंडूवर आमचे उरलेले दोन गडी झटपट बाद झाले आणि सामना संपला.

त्यांच्या कप्तानाने टोपी काढली. "घ्या. तुमचा झाला हा." तीनदा जयजयकार झाला. आमच्या कप्तानाने तो चेंडू सरळ एनॉसच्या हातात ठेवला. एनॉस गुडघ्यापर्यंत भिजला होता.

त्याने चेंडू फिरवून पाहिला. शिवण पाहिली. आणि परत दिला.

"हा नाही."

"हा नाही म्हणजे?" मॅक्गार्व्ही म्हणाला. "चेंडू गोल असतो रे खोगीर. हाही गोल आहे. काळा रंग लावला की त्याची आईसुद्धा ओळखणार नाही."

"ह्या चेंडूने आपण जिंकलो नाही. ह्याच्यावर ती तारीख आणि धावा काढेल. खोटं लिहायला लावू तिला?"

"अरे, ती अक्षरं बघणार नाही, गाढवा. तुला बघेल!"

पहिल्यांदाच मॅक्गार्व्हीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण एनॉस वळला होता. तो काठाकाठाने, प्रवाहाच्या दिशेने चालू लागला.

मी टटलांकडे गेलो. घरात खोकी बांधलेली. भिंती उघड्या. मिस्टर टटल एका खोक्यावर बसून पाइप पेटवायचा प्रयत्न करत होते. काडी त्यांच्या हातात थरथरत होती. खिडकीजवळचं टेबल तेवढं अजून बांधायचं होतं. त्यावर काळ्या रंगाची वाटी, रोगणाची उघडलेली बाटली, वर्खाची पुस्तिका, कुंचले. लव्हिनाने केस नीट बांधले होते. खिडक्या लावल्या होत्या.

"घंटा ऐकली," ती म्हणाली. "किती धावा?"

मी सगळं सांगितलं. ती आधी हसली.

"त्याने मारला? नदीत? एनॉसने?"

"हो."

"आणि तो कुठे आहे?"

"शोधतोय."

तिचं हसू हळूहळू गेलं. तिने बाटलीकडे पाहिलं. "कशाला?"

"लव्हिना," मिस्टर टटल म्हणाले, "रोगण सुकतंय, बाळा. झाकण लाव."

"राहू दे, पप्पा." ती माझ्याकडे वळली. "प्रोफेसर, तुम्ही शिकलेले आहात. एक निरोप नीट पोचवाल? त्याला म्हणावं, आमच्या दाराला कडी आहे. ती हाताने वाजते. चेंडूने वाजवावी लागत नाही."

मी पळत गेलो. एनॉस पहिल्या वळणापाशी सापडला. कमरेइतक्या पाण्यात उभा होता. ऊन कलत होतं. काठीने तो वाळलेल्या फांद्या बाजूला करत होता. मी काठावरून ओरडून निरोप सांगितला. शब्द न शब्द.

तो सरळ उभा राहिला. काठी हातातून सुटून वाहत गेली.

"हाताने वाजते म्हणाली?"

"हो."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. वाकडी बोटं, फाटलेला अंगठा. तो हसला. मला वाटलं, आता येणार. मी त्याला बाहेर ओढायला हात पुढे केला.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "पुढच्या वळणाला ओंडक्यांचा बांध आहे. वाहून आलेलं सगळं तिथे अडतं. तिथेच असणार. एवढं वळण बघतो आणि येतो. तिला म्हणावं, आलोच."

"एनॉस, गाडी सकाळची आहे."

"आलोच म्हणावं."

तो गेला. मी परत जाऊन तसं सांगितलं. लव्हिनाने मान हलवली. टेबलाजवळ स्टूल ओढलं आणि बसली.

सकाळी स्टेशनवर मी होतो. एनॉस नव्हता. मिस्टर टटलांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. लव्हिनाच्या हातात कुंचल्यांची पेटी होती. ती तिने सामानात दिली नव्हती. गाडी सुटेपर्यंत ती पुलाच्या रस्त्याकडे बघत होती. माझ्याशी बोलली ते एवढंच: "सापडला का हो?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

सापडला. दुपारी. त्याने सांगितलेल्या बांधाला नाही, त्याच्याही पुढच्या तिसऱ्या, मैलोन्‌मैल खाली. एनॉस लाकडं वाहणाऱ्या घोडागाडीतून परत आला. अंगावर चिखल, ओठ निळे. चेंडू शर्टाच्या आत, पोटाशी. पाण्याने तो फुगला होता, पण एकही टाका सुटला नव्हता. तो पुलावर उतरला आणि सरळ टटलांच्या घरी गेला. दार उघडंच होतं. तरीही त्याने कडी वाजवली. हे मला समोरच्या शेजारणीने सांगितलं. हाताने वाजवली, आणि वाट बघत उभा राहिला.

आता डिसेंबर आहे. मॅक्गार्व्ही ब्रुकलिनला गेला. जाताना एनॉसच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, आणि काही न बोलता गेला. त्याच्यासाठी हे फार झालं. मैदानावर फिनीच्या गाई चरतात.

चेंडू तिसऱ्या फळीवर आहे. एकटाच, मातकट रंगाचा, कोरा. फिनीबाईंनी लोणचं कायमचं स्वयंपाकघरात नेलं. हॉटेलात उतरलेले फिरते विक्रेते विचारतात, ह्याच्यावर काही लिहिलेलं का नाही?

"मॅरियन्सबर्गला एक पेंटर आहे," फिनी परवा म्हणाला. "त्याच्याकडून घे ना लिहून."

"नको," एनॉस म्हणाला. "तिचं काम आहे."

फिनी गेल्यावर मी म्हटलं, "टोलीडोला रोज गाडी जाते, एनॉस."

"जाणार आहे."

"कधी?"

"हा वाळू दे आधी. ओल्या कातड्यावर वर्ख धरत नाही."

त्याने कपाट उघडून चेंडू बाहेर काढला, अंगठ्याने दाबला आणि मान हलवली. "आत अजून ओल आहे."

मी हात पुढे केला. त्याने दिला. मी दाबून पाहिला, कानाशी धरून पाहिला. हाडासारखा कोरडा होता. हॉटेलातल्या शेगडीच्या इतक्या जवळ तीन-चार महिने काहीही ओलं राहत नाही.

मी त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "हो. थोडी आहे."

त्याने चेंडू दोन्ही हातांनी माझ्याकडून घेतला आणि फळीवर ठेवला, शिवण समोर येईल असा. ठेवताना श्वास धरून होता. मग तोंड वळवून तो त्याने हळूच आपल्या खांद्यावर सोडला.